दीडशे किलोमीटरवरचा पार्ट

‘कॉम्प्युटर चालूच होत नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मुरलेला मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हरच्या पाठोपाठ एक पेपरक्लिप काढतो. कॅबिनेट उघडतो, एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, चोवीस पिनांचा जाडजूड कनेक्टर मदरबोर्डवरून ओढून काढतो आणि सरळ केलेल्या क्लिपचं एक टोक हिरव्या वायरीच्या खाचेत, दुसरं काळ्या वायरीच्या खाचेत घालतो. एसएमपीएसचा पंखा गरगरला, तर दोष बहुधा पुढे कुठेतरी आहे: बोर्डात, रॅममध्ये, नाहीतर नुसत्या पॉवर बटणात. पंखा हललाच नाही, तर एसएमपीएस गेला.

ही युक्ती दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे ती न वापरताही भागतं. शेजारच्या गाळ्यातून दुसरा एसएमपीएस आणायचा, लावून बघायचा, नाही जमलं तर परत द्यायचा. चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळच्या दुकानदाराला ही चैन नाही. त्याचा बाजार नागपूरच्या सीताबर्डीत, सुमारे दीडशे किलोमीटरवर. शेजारच्या गडचिरोलीतल्या आलापल्ली-अहेरीच्या माणसासाठी तेच अंतर अडीचशेच्या पुढे जातं आणि सिरोंच्याला तीनशेच्याही पुढे. चुकीचा पार्ट मागवला तर दोन दिवस गेले, पार्सलचे पैसे गेले आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही गेला. त्यामुळे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कॉम्प्युटर दुरुस्तीचं शिक्षण आधी रस्त्यांनी दिलं. अभ्यासक्रम आले ते मागाहून, आणि त्यातले बरेचसे भलतंच काही शिकवणारे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचा पूर्वभाग तोडून गडचिरोली जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातलं तीन चतुर्थांश जंगल, बारा तालुके, आणि कित्येक दशकं रेल्वे स्टेशन एकच, वडसा. पश्चिमेला उरलेल्या चंद्रपूरकडे मात्र कोळशाच्या खाणी होत्या, बल्लारपूरची पेपर मिल होती, भद्रावतीची आयुध निर्माणी होती, घुग्घुसपासून गडचांदूरपर्यंत सिमेंटचे कारखाने उभे राहत होते. १९८३ पासून चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून राज्याच्या ग्रीडला वीज मिळू लागली. त्याच काळात भामरागडजवळच्या हेमलकशात, १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात, डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासत होते. कॉम्प्युटरचा इतिहास सांगताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही, कारण कॉम्प्युटरला सर्वांत आधी लागते ती वीज, आणि तीही सरळ चालीची.

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा स्वतंत्र धंदा आहे, हे देशाला कळलं ते एका भांडणातून. १९७३ च्या फेरा कायद्याखाली परदेशी कंपन्यांना इथल्या शाखांमधली मालकी कमी करायला सांगण्यात आलं. आयबीएमने ते मानलं नाही आणि १९७८ साली कंपनी देशाबाहेर पडली. मागे राहिलेल्या तिच्या शेकडो यंत्रांची देखभाल कुणी करायची? सरकारने त्यासाठी १९७५ सालीच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, स्थापन करून ठेवली होती. यंत्र कुणाचंही असो, नकाशे असोत-नसोत, ते चालू ठेवायचं, एवढंच तिचं काम. भारतातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीची पहिली मोठी शाळा म्हणायची तर हीच.

चंद्रपुरापर्यंत या शाळेचे धडे पोहोचले ते कंत्राटी पद्धतीने. कारखान्यात, खाणीच्या कार्यालयात, बँकेत यंत्र आलं की सोबत वार्षिक देखभालीचा करार येई. बिघाड झाला की नागपूरहून इंजिनिअर येई, थंड केलेल्या खोलीत चपला काढून जाई, काम करी आणि संध्याकाळच्या गाडीने परते. स्थानिक माणसाच्या वाट्याला दाराबाहेरचा व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि सीव्हीटी ट्रान्सफॉर्मरचा घरघराट. पण बघणाऱ्याने बघून घेतलंच. बंद पडलेलं कार्ड इंजिनिअर उपटतो, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवतो, परत बसवतो आणि यंत्र सुरू होतं. एवढंच का? बहुतेक वेळा एवढंच. रॅमच्या पट्टीवरचं रबर हा तेव्हापासून प्रत्येक शिकाऊ पोराचा पहिला धडा आहे.

स्थानिक मेकॅनिक आले ते वेगळ्याच वाटांनी. एक वाट रेडिओ-टीव्हीची. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक रेडिओ अँड टेलिव्हिजन’ हा ट्रेड होता. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्या ट्रेडच्या पोरांना तालुक्याच्या गावीही दुकान टाकता येऊ लागलं. सोल्डरिंग, मल्टिमीटर, कपॅसिटर फुगला आहे की नाही हे नजरेने ओळखणं, पिक्चर ट्यूबजवळ हात घालताना आधी ती डिस्चार्ज करणं, ही सगळी शिदोरी पुढे कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जशीच्या तशी उपयोगी पडली.

दुसरी वाट टाइपरायटरची. गोदरेजने १९५५ साली भारतीय टाइपरायटर बाजारात आणला. कोर्ट, तहसील, टायपिंग इन्स्टिट्यूट अशा ठिकाणी तेलाची बुधली आणि ब्रश घेऊन फिरणारा मेकॅनिक ठरलेला असे. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचं ज्ञान नव्हतं, पण दुसरं भांडवल होतं: कोणत्या कार्यालयात कोणतं यंत्र आहे आणि बिल कोण मंजूर करतो, हे त्याला पाठ होतं. कॉम्प्युटर आल्यावर अशा लोकांनी हाताखाली आयटीआयची पोरं ठेवली. ओळख एकाची, सोल्डरिंग दुसऱ्याचं. गोदरेजच्या शिरवळच्या कारखान्यातलं टाइपरायटरचं उत्पादन थांबलं तोवर हा धंदा कधीच कूस बदलून बसला होता.

तिसरी वाट बँकांमधून गेली. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांशी झालेल्या करारानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन येऊ लागली. ही वाट कुठवर जाऊ शकते हे महाराष्ट्राने पुण्यात पाहिलं. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, तिथून बँकांच्या यंत्रांकडे आणि तिथून कॉम्प्युटरकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांमध्ये पार्ट गेलेली कमी आणि व्हायरसने बिघडलेली जास्त, हे त्यांना दिसू लागलं. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होता. त्याने व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ साली ‘क्विक हील’ बाजारात आलं. देशातली नावाजलेली अँटिव्हायरस कंपनी प्रयोगशाळेत जन्मली नाही, दुरुस्तीच्या टेबलावर जन्मली.

व्हायरस म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअरचा प्रश्न, हा समज २६ एप्रिल १९९९ रोजी मोडला. चेर्नोबिल किंवा सीआयएच नावाचा व्हायरस त्या तारखेला जागा झाला. त्याने हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसला आणि काही मदरबोर्डांवरची बायोस चिपसुद्धा खराब केली. असा बोर्ड चालूच होत नाही. ना बीप, ना डिस्प्ले. नवा बोर्ड घेणं महाग. मग धीट कारागीर तसाच दुसरा बोर्ड सुरू करत, यंत्र चालू असतानाच त्यावरची चांगली चिप अलगद उपटत, तिथे मेलेली चिप बसवत आणि फ्लॉपीवरून तिच्यात बायोस पुन्हा लिहीत. हात थरथरला तर दोन्ही बोर्ड गेले. कोणत्याही वर्गात हे शिकवलं जात नव्हतं; दुकानात उभं राहून पाहिलेलं असे.

बीपवरून आठवलं. १९८१ सालच्या आयबीएम पीसीपासून यंत्र सुरू होताना स्वतःची तपासणी करतं आणि दोष आवाजात सांगतं. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड. अवॉर्ड बायोसच्या बोर्डावर बीप थांबतच नसली तर रॅम बघायची. फोनचं युग आल्यावर याचा मोठा उपयोग झाला. धानोऱ्याहून किंवा एटापल्लीहून फोन आला, की चंद्रपूरचा मेकॅनिक म्हणे, ‘रिसीव्हर कॅबिनेटजवळ धरा आणि बटण दाबा.’ आवाज ऐकून तो सांगे, रॅम काढून पुसा, नाहीतर कॅबिनेट गाडीत घालून पाठवा. कानाने रोग ओळखणारा हा वैद्य इतक्या अंतरावरच जन्माला येऊ शकतो.

मराठीची दुखणी आणखी निराळी. इंग्रजी यंत्रावर देवनागरी दिसावी म्हणून आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट तंत्र आलं. डॉसच्या काळात ते एका कार्डाच्या रूपात यंत्राच्या स्लॉटमध्ये बसवावं लागे, म्हणजे मराठी हा शब्दशः हार्डवेअरचा भाग होता. कार्ड सैल झालं की भाषा गेली! नंतर आयएसएम, श्री-लिपी, आकृती, कृतीदेव असे फॉन्ट आले आणि प्रत्येकाचं अक्षरांचं गणित वेगळं निघालं. एका यंत्रावरची लग्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी डॉलर आणि कंस. ‘फॉर्मॅट मारण्याआधी फॉन्टचं फोल्डर घेतलं का?’ हा प्रश्न विसरणाऱ्या नवशिक्याने किती डीटीपीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या असतील, त्याची मोजदाद नको. वडशात तर दिवाळी ते होळी झाडीपट्टी नाटकांचा हंगाम. पोस्टर, पत्रकं, तिकिटं, सगळं रातोरात छापून हवं असतं. त्या दिवसांत फॉन्ट रुसणं परवडत नाही.

युनिकोड आल्यावर हे संपायला हवं होतं. पण विंडोज एक्सपीत देवनागरी नीट दिसण्यासाठी आधी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करावी लागे आणि लगेच यंत्र मूळ सीडी मागे. सीडी कुणाकडेच नसे. म्हणून जाणता मेकॅनिक एक्सपी घालतानाच सीडीतलं ‘आय ३८६’ नावाचं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवी. सॉफ्टवेअरचं ट्रबलशूटिंग म्हणजे काय, हे समजून घ्यायला एवढं एक फोल्डर पुरेसं आहे: उद्याची अडचण कुठून येणार, ते आज ओळखायचं.

सरकारी पातळीवर संगणक शिक्षणाची मोठी लाट आली ती २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या स्थापनेनंतर. २००२ पासून एमएस-सीआयटी सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं आणि बघता बघता तालुक्यातालुक्यांत केंद्रं निघाली. आजवर एक कोटीहून जास्त लोकांनी हा कोर्स केला. हे यश मोठं आहे, पण त्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट. या कोर्सने यंत्र वापरायला शिकवलं, उघडायला नाही. शिकलेल्या माणसाला फाइल सेव्ह करता येई, पण माउस हलेनासा झाला की तो दुकानाकडे धावे. दुरुस्तीवाल्यांची भरभराट झाली ती यामुळे.

आणि त्या केंद्रांमधूनच नकळत कारागीरही घडले. दहा-पंधरा यंत्रं, दिवसभर बॅचेस, मध्येच जाणारी वीज, आणि सगळं चालू ठेवण्यासाठी कमी पगारावर ठेवलेला एक मुलगा. एका यंत्राची रॅम दुसऱ्यात घालून बघणं, पाच मेलेल्या कीबोर्डांतून दोन जिवंत करणं, नेटवर्कच्या केबलच्या टोकाला क्रिम्पिंग टूलने क्लिप बसवणं हे त्याचं रोजचं काम. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी: आठ तारांचा हा क्रम त्याला पाढ्यासारखा पाठ होई. दोन-तीन वर्षांनी तो चौकात स्वतःचा फलक लावी.

नागपूर-पुण्यात तेव्हा जेटकिंगसारख्या संस्था हार्डवेअर-नेटवर्किंगचे कोर्स फी घेऊन शिकवत होत्या. चामोर्शीच्या शेतकऱ्याच्या मुलाला ती फी आणि वर खोलीभाडं झेपणं कठीण. आयटीआयमध्ये ‘कोपा’, म्हणजे संगणक चालक आणि प्रोग्रॅमिंग सहायक, या ट्रेडला कायम गर्दी. कारण त्यातून कार्यालयातली खुर्ची दिसते. दुरुस्तीच्या अंगाचे ट्रेड म्हणजे ‘मेकॅनिक कॉम्प्युटर हार्डवेअर’, पुढे ‘आयटी अँड इलेक्ट्रॉनिक्स सिस्टिम मेंटेनन्स’. त्यांत हात काळे करावे लागतात. विदर्भातल्या मध्यमवर्गाला हात काळे करण्याचं जे वावडं आहे, त्याची झळ या शिक्षणाला लागली असं म्हणायला हरकत नाही.

पुस्तकात नसलेले विषय मात्र हवेनेच शिकवले. चंद्रपूरचा मे महिना पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला नेतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून भुकटी होते आणि यंत्र दुपारी दोनला आपोआप बंद पडतं. ग्राहकाला वाटतं व्हायरस आहे. खाणी आणि औष्णिक केंद्राच्या परिसरात हवेतली काळी धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिकटून बसते, पंख्याचं बेअरिंग खाते. नुसता ब्लोअर मारून ती जात नाही. पंखा सोडवून ब्रशने पाती एकेक करून झाडावी लागतात. पावसाळ्यात गडचिरोलीकडे कथा वेगळी. वीज कडाडली की टेलिफोनच्या तारेतून मोडेमचा जीव जाई, आणि मोडेमबरोबर कधी मदरबोर्डाचाही. एसएमपीएसच्या पाठीमागच्या उबेला पाली आणि मुंग्या येतात. आणि भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की मेकॅनिक, पार्ट, इंजिनिअर सगळे अलीकडे अडकतात. २०१९ च्या पावसाळ्यात तिथली बाजारपेठच पाण्याखाली गेली होती.

२०११ हे वर्ष या गोष्टीत महत्त्वाचं. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, म्हणजे ‘संग्राम’, या प्रकल्पातून राज्यभरच्या ग्रामपंचायतींमध्ये कॉम्प्युटर, प्रिंटर आणि डेटा एंट्री ऑपरेटर आले. त्याच वर्षी केंद्र सरकारने नक्षलग्रस्त ३४ जिल्ह्यांसाठी कौशल्य विकासाची योजना आखली. प्रत्येक जिल्ह्याला एक आयटीआय आणि दोन कौशल्य केंद्रं असं तिचं स्वरूप होतं आणि गडचिरोली त्या यादीत होता. सप्टेंबर २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठही स्थापन झालं. यंत्रं आणि शिक्षण एकाच वर्षी जंगलात शिरली, पण त्यांची गाठ पडली नाही. ऑपरेटर नेमले गेले ते दाखले काढण्यासाठी. यंत्र बंद पडलं तर काय, याचं उत्तर होतं: तक्रार नोंदवा. नोंदवण्यासाठी नेट हवं, आणि नेट तालुक्याला. तुटपुंज्या आणि रखडलेल्या मानधनासाठी राज्यभर आंदोलनं करत या ऑपरेटरांनी दिवस काढले. २०१५ अखेर ‘संग्राम’ गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आलं. ज्यांना त्या काळात स्वतःच विंडोज घालता येऊ लागलं, प्रिंटरचा रोलर साफ करता येऊ लागला, त्यांच्यातल्या काहींनी पुढे गावात झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान थाटलं.

गडचिरोलीत आज कमी दिवसांत हा धंदा शिकण्याची सर्वांत सरळ सोय म्हणजे आरसेटी. बँकांनी चालवायच्या या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचं मूळ कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ साली सुरू झालेल्या संस्थेत आहे. गडचिरोलीत ती बँक ऑफ इंडियाकडे आहे. राहणं, जेवण, शिकवणी मोफत. देशभरच्या आरसेटींच्या यादीत मोबाइल दुरुस्ती ३० दिवसांची आणि कॉम्प्युटर हार्डवेअर-नेटवर्किंग ४५ दिवसांचं आहे. ४५ दिवसांत कारागीर होत नाही, हे शिकवणाऱ्यालाही माहीत असतं. पण माडिया किंवा गोंडी घरात वाढलेल्या मुलाने ‘सीमॉस बॅटरी’, ‘पार्टिशन’, ‘ड्रायव्हर’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले, हातात मल्टिमीटर घेतला आणि त्यानंतर उस्तादाच्या दुकानात बसला, तर त्याची दोन वर्षं वाचतात.

अडचण अशी, की शिक्षण दारात आलं तोवर यंत्रच बदललं. आजच्या बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते. रबर कशावर फिरवणार? दोष सापडला तरी कंपनी अख्खा बोर्ड बदलायला सांगते. गावातल्या सेवा केंद्रातल्या तक्रारी आता बोटांच्या ठशाच्या यंत्राच्या असतात. आधारशी जोडलेल्या अशा यंत्रांवर ‘आरडी सर्व्हिस’ नावाचं सॉफ्टवेअर चालू असावं लागतं. एका विंडोज अपडेटने ते बंद पडतं आणि म्हातारीचं निराधार योजनेचं अनुदान अडतं. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं काही काम नाही. सर्व्हिसेसची यादी उघडून नेमकी कोणती ओळ थांबली आहे, ते शोधावं लागतं. कधी तर यंत्र ठणठणीत असतं आणि दोष रोवणीने झिजलेल्या बोटांत असतो.

ताजी डोकेदुखी १४ ऑक्टोबर २०२५ पासूनची. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा नियमित आधार थांबवला. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळा, ग्रामपंचायती आणि सेवा केंद्रांमधल्या जुन्या यंत्रांकडे तो नाही. केरळने आपल्या शाळा फार पूर्वीच लिनक्सवर नेल्या, म्हणून तिथे ही तारीख आली आणि गेली. इथे सी-डॅकचं बॉस लिनक्स फुकट मिळतं, पण ठशाचं यंत्र आणि पावतीचा प्रिंटर त्यावर चालेल का, हे आधी एका यंत्रावर लावून बघावं लागतं. दुकानात सध्या दोन्ही चालू आहे: कुणी जुन्या आय-थ्रीत एसएसडी टाकून टेनवरच पुढे रेटतो, कुणी नियम चुकवून इलेव्हन घालतो आणि पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो.